मंत्रचळ : एका जुन्या शब्दाचा हिशेब



‘मंत्रचळ’ हा शब्द आपल्या आज्यांच्या बोलण्यात असे. सारखे हात धुणे, कडी लावली का ते दहादा पाहणे, जप चुकला म्हणून माळ पहिल्या मण्यापासून धरणे, असे कोणी करू लागले की ‘हिला मंत्रचळ लागलाय’ म्हणत. चळ म्हणजे वेड. डॉक्टर आज यालाच ओसीडी म्हणतात. शब्दात मंत्र आहे, पण हा आजार आहे, भक्ती नव्हे.

पूर्वी घरचे लोक तो लपवत, त्याला कारण होते. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले आणि ‘ठाण्याला पाठवा’ ही थट्टा घराघरात पोचली. १९१२च्या कायद्याचे नावच ‘इंडियन लूनसी अ‍ॅक्ट’, म्हणजे वेड्यांचा कायदा! भरतीसाठी बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. मग हात धुणाऱ्या सुनेला तिथे कोण नेणार? ‘ती फार सोवळ्याची आहे’ एवढे म्हणून विषय मिटवायचा.

दरम्यान उपचार पुढे गेले. १९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी एक वेगळीच रीत मांडली. ज्याची किळस वाटते त्याला रुग्णाने हात लावायचा आणि नंतर धुवायचे नाही. भीती आधी वाढते, मग आपोआप उतरते. आजही ही रीत मुख्य उपचारांपैकी आहे, जोडीला औषधेही आहेत. त्याच वर्षी परळच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या योगविचारावर आधारलेल्या मनोपचारांविषयी ब्रिटिश नियतकालिकात लिहिले. म्हणजे मनाचा आजार तोवर आपल्या मुंबईच्या साध्या रुग्णालयात आला होता.

१९८८ साली डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी बोरिवलीत रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आपल्या दवाखान्यात आणून बरे करायला सुरुवात केली. त्यातून ‘श्रद्धा’ संस्था उभी राहिली. २००६ पासून तिचे मोठे केंद्र कर्जतला आहे. २०१८ साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला उपचार मिळतात आणि आपल्या घरातली बाई मात्र बाथरूममध्ये तासन्‌तास हात धूत राहते, हे मनाला पटत नाही.

आपल्या धर्मात शुद्धी आहे, जीवदया आहे, म्हणून हा आजार आपल्याकडे सहज लपतो. पण नीट पाहा. माळ १०८ मण्यांची असते, सामायिक ४८ मिनिटांचे असते. पाणी एकदा नीट गाळले की गाळले. तत्त्वार्थसूत्राने हिंसेचे मूळ प्रमादात सांगितले आहे. जी जपून वागली, तिला आपल्या हातून जीव मेला का म्हणून रात्रभर जागायला शास्त्र सांगत नाही. धर्माच्या प्रत्येक क्रियेला शेवट आहे. आजाराला तो सापडत नाही, हीच ओळखायची खूण.

अशा वेळी रागावू नका आणि ‘हो गं, दार लावलंय’ असे शंभरदा सांगूही नका. त्याने शंका आणखी वाढते. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. २०१७च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. कुठे जावे कळत नसेल, तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे, फोन फुकट आहे. महाराजसाहेबांकडून आशीर्वाद जरूर घ्या, पण डॉक्टरांची वेळही घ्या.