भोपळा, भुते आणि बालवाडी

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाचीचा अमेरिकेहून फोन आला. तिचा मुलगा चार वर्षांचा. तिथल्या बालवाडीत जातो. शाळेतून चिठ्ठी आली होती की, महिनाभर ‘फॉल’चे, म्हणजे पानगळीच्या ऋतूचे उपक्रम होतील आणि शेवटच्या दिवशी हॅलोविन. त्या दिवशी मुलांना वेश करून पाठवावे. ज्यांना भाग घ्यायचा नसेल त्यांनी आधी कळवावे, त्या मुलांच्या बसण्याची वेगळी सोय केली जाईल.

“मामू, काय करू?” ती विचारत होती. “सासूबाई म्हणतात, हा भुताखेतांचा सण, आपल्यात चालत नाही. ओळखीच्या एक आपा तर म्हणाल्या, महिनाभरच घरी ठेव. आणि हा रोज विचारतोय, मी काय बनू?”

मी काही मौलवी नाही. जायज-नाजायजचा निकाल देणे माझे काम नाही. पण इतिहास वाचण्याची खोड आहे, म्हणून तिला म्हटले, आधी या चिठ्ठीत दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत त्या सोडवून बघू. एक आहे ऋतू आणि दुसरा सण. वर्गात दोघे एकाच नारिंगी कागदावर दिसतात, पण दोघे शाळेत आले ते वेगवेगळ्या दारांनी.

ऋतूचे दार उघडले फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन माणसाने. जन्म 1782 चा, वडील पाद्री. आई त्याच्या पहिल्या वाढदिवसाआधीच वारली. पोरका, एकलकोंडा मुलगा जंगलात रमायचा. पंधराव्या वर्षी तो एका वनरक्षकाकडे उमेदवारीला राहिला. पुढे त्याने खनिजांचा आणि स्फटिकांचा अभ्यास केला. 1837 मध्ये ब्लँकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि 1840 मध्ये तिला नाव दिले किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. हे नाव नुसते शोभेचे नव्हते. तिथे खरोखरच बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि सगळ्यांचा मिळून एक मोठा वाफा. बी पेरायचे, पाणी घालायचे, वाट बघायची, पीक काढायचे. पावसाळी दिवशी लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, कागद विणणे, कातरणे. आज जगातल्या कुठल्याही बालवाडीत मुले पाने गोळा करतात, बिया मोजतात, कागद कापून चिकटवतात, त्याची मुळे इथे आहेत.

गंमत अशी की, या बागेवरही धर्म बुडवल्याचा आरोप झाला होता. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. कारण काय, तर ही शाळा मुलांना नास्तिक आणि समाजवादी बनवते. फ्रोबेल स्वतः मनापासून ईश्वरभक्त होता. निसर्गातल्या प्रत्येक आकारात त्याला देवाची एकता दिसत असे. त्याच्या पुतण्याचे लिखाण त्याच्या नावावर धरले गेले, हेही बंदीमागचे एक कारण. पुढच्याच वर्षी, 1852 मध्ये, तो वारला. बंदी उठली ती 1860 मध्ये. चार वर्षांचे मूल भोपळ्याच्या बिया मोजताना बघून कुणाला धर्म धोक्यात आल्यासारखे वाटले, तर तो माणूस एकटा नाही. त्याच्या मागे प्रशियाचे अख्खे शिक्षणखाते उभे आहे!

1848 ची क्रांती फसल्यावर बरेच जर्मन लोक अमेरिकेला गेले. त्यांच्याबरोबर ही बागही गेली. मार्गारेट शुर्झ या बाईंनी 1856 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावात घरच्या घरी जर्मन भाषेतली बालवाडी सुरू केली. 1860 मध्ये एलिझाबेथ पीबॉडी यांनी बोस्टनला इंग्रजीतली काढली. 1873 मध्ये सुसान ब्लो यांनी सेंट लुईस शहरात सरकारी शाळेला जोडून बालवाडी चालू केली आणि मग ती गोरगरिबांच्या, स्थलांतरितांच्या मुलांपर्यंत पोचली. मिल्टन ब्रॅडली हा खेळ बनवणारा कारखानदार पीबॉडीबाईंच्या प्रभावाने बालवाडीचे साहित्य आणि रंगीत कागद बनवू लागला. बागेचा ऋतू असा कागदावर उतरला. अमेरिकेच्या उत्तरेकडे ऑक्टोबरमध्ये झाडे लाल, पिवळी, नारिंगी होतात. शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो. वर्गाला विषय हवा असतो आणि तो खिडकीबाहेर पडलेलाच असतो.

आता दुसरे दार. हॅलोविनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या ‘साउइन’ या जुन्या सणाशी जोडले जाते. सुगी संपून हिवाळा लागायची ती वेळ. त्याबद्दल जे लिहिलेले मिळते ते बहुतेक नंतरच्या ख्रिस्ती मठवासीयांनी लिहिलेले आहे, म्हणून ठासून बोलणाऱ्यांपासून जरा जपून राहावे. ख्रिस्ती चर्चमध्ये आठव्या-नवव्या शतकात 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला. पुढे 2 नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस झाला. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. मयतांसाठी दुआ मागायची आणि त्या बदल्यात घरोघरी गोड पोळ्या मिळायच्या, अशी चाल इंग्लंड-आयर्लंडमध्ये होती. हे ऐकून भाची म्हणाली, “म्हणजे शब-ए-बरातचा हलवाच की!” मी म्हटले, तसे अगदी नाही, पण गेलेल्यांची आठवण आणि गोडधोड यांची जोडी बऱ्याच कौमांत सापडते.

1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोक लाखोंनी अमेरिकेला गेले. तिकडे ते सलगमसारखे कंद कोरून दिवे करीत. इकडे त्यांना मोठा, मऊ, कोरायला सोपा भोपळा मिळाला.

पण मुख्य मुद्दा पुढेच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हॅलोविन म्हणजे टवाळखोरीची रात्र होती. पोरे कुणाचे फाटक उचलून न्यायची, कुणाचा संडास पाडायची, खिडक्या फोडायची. मिनेसोटातल्या अनोका गावात तर गायी सोडून दिल्या जात आणि सकाळी त्या भर रस्त्यात फिरत. कंटाळून गावकऱ्यांनी 1920 मध्ये मुलांची मिरवणूक काढली आणि त्यांना खाऊ वाटला. हा तोडगा चालला. 1930 च्या मंदीत उपद्रव वाढला तेव्हा गावोगावच्या मंडळांनी आणि शाळांनी हाच मार्ग धरला. वेश, मिरवणूक, खाऊ, खेळ. दुसऱ्या महायुद्धात साखर रेशनवर होती, ती सुटल्यावर गोळ्या-चॉकलेटे मागत दारोदार फिरण्याची पद्धत देशभर पसरली. 1950 मध्ये फिलाडेल्फियाच्या काही मुलांनी गोळ्यांऐवजी जगातल्या गरीब मुलांसाठी नाणी गोळा केली. ती पद्धत पुढे युनिसेफच्या नावाने चालू राहिली.

म्हणजे शाळेत हॅलोविन आला तो धर्मशिक्षण म्हणून नाही. तो आला पोरांना धुडगुसापासून दूर ठेवायला. त्यात भुतांची पूजा नाही, तशी फारशी थोर परंपराही नाही. थोडी गंमत, बराचसा बाजार.

“मग फॉलमध्ये हे लोक करतात तरी काय?” भाचीने विचारले. तिनेच नंतर मुलाच्या दप्तरातून निघालेल्या कागदांचे फोटो पाठवले. पानावर कागद ठेवून वरून आडवा खडू घासायचा, की पानाच्या शिरा उमटतात. पाने लहान-मोठी, लाल-पिवळी अशी लावायची. भोपळा पाण्यात टाकायच्या आधी अंदाज करायचा, बुडेल की तरंगेल? तो तरंगतो, आतून पोकळ असतो म्हणून. मग तो कापून हाताने गर काढायचा, बिया धुवायच्या आणि दहा-दहाचे ढीग करून मोजायच्या. काही बाई एक भोपळा महिनाभर तसाच ठेवतात आणि तो कसा बुरसतो, कसा बसतो हे मुलांना रोज बघायला लावतात. पान रंग का बदलते, हेही सोपे करून सांगतात. दिवस लहान झाला की झाड पानातले हिरवे द्रव्य मोडून टाकते आणि आधीपासून लपलेला पिवळा रंग दिसू लागतो. यात मला तरी अल्लाहच्या कुदरतीखेरीज काही दिसले नाही. सूरह अनआमच्या 59व्या आयतीत, अल्लाहच्या ज्ञानाची व्याप्ती सांगताना, गळणाऱ्या पानाचाच उल्लेख येतो.

आणि भोपळा तर आपल्याला परका नाहीच. हजरत यूनुस माशाच्या पोटातून बाहेर आले तेव्हा त्यांच्यावर सावली धरणारा वेल कुरआनात आहे. प्रेषितांना ही भाजी आवडायची, असे हजरत अनस यांनी सांगितलेली हदीस आहे. अर्थात तो भोपळा आपल्या दुधीच्या कुळातला. लाल भोपळ्याचे कूळ अमेरिका खंडातले, तो कोलंबसानंतर समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. लेकीकडे निघालेली आणि भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. तीच म्हातारी इराणमध्येही आहे. तिथे तिला वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि ती अशीच भोपळ्यातून घरंगळत घरी येते.

राहिला वेश धरण्याचा प्रश्न. जाफर शरीफ या दख्खनी लेखकाचा ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ 1832 मध्ये इंग्रजीत आला. मोहरममध्ये लोक कायकाय सोंगे घेत याचे त्यात लांबलचक वर्णन आहे. फकीर बनवलेली मुले आणि अंग रंगवलेले वाघ आपल्या आजी-आजोबांनी पाहिले आहेत. त्यांत हिंदू शेजाऱ्यांची नवसाची मुलेही असत. उलेमांनी त्यावरही टीका केली आणि तो त्यांचा अधिकार आहे. ज्यांना हॅलोविन पटत नाही, त्यांच्या मताचाही मी आदर करतो. एवढेच म्हणतो की, नकार द्यायचा तर वेशाला द्या, पानाला नको. आपले हिजरी वर्ष 354 दिवसांचे, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. कुठलाही ऋतू आपल्या सणाच्या मालकीचा नाही, म्हणून कुठलाही ऋतू आपल्याला परका नाही.

मला टोचली ती चिठ्ठीतली शेवटची ओळ, ‘वेगळी सोय’. चार वर्षांच्या मुलाला जायज-नाजायज कळत नाही. सगळे मिरवणुकीत आहेत आणि मी एकटा पुस्तकाच्या खोलीत आहे, हे मात्र नीट कळते. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांनी यावर उपाय काढला आहे. हॅलोविनऐवजी फॉल फेस्टिव्हल करायचा. भोपळा, पाने, सफरचंद ठेवायचे आणि भुते घरी सोडायची. वेगळ्या धर्माच्या, खाण्याची ॲलर्जी असलेल्या, वेश विकत न घेऊ शकणाऱ्या अशा सगळ्याच मुलांना मग त्यात जागा होते.

हा प्रश्न तिकडचाच आहे असेही नाही. आपल्या शाळांतही सण होतात. त्यात कुणाचे मूल मध्यभागी असते आणि कुणाचे कडेला, हे प्रत्येक बाईंनी एकदा मोजून बघावे. शिवाय आता पुण्या-मुंबईच्या काही बालवाड्यांत ऑक्टोबरमध्ये मेपलची कागदी पाने लागतात. आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे पावसानंतरचा हिरवा शरद. आपली पाने गळतात शिशिरात, फेब्रुवारी-मार्चमध्ये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच करून दाखवले. आदिवासी पाड्यातल्या मुलांना शिकवायला दारातली पाने, बिया, शंखशिंपले. फ्रोबेलची बाग त्यांनी अंगणात आणली आणि अंगणवाडी हा शब्द दिला. शिकवायचा तो दाराबाहेरचा ऋतू, दुकानातला नव्हे.

भाचीने मुलाला महिनाभर शाळेत पाठवले. शेवटच्या दिवशीही पाठवले, नेहमीच्या कपड्यांत. आधी बाईंना भेटून तिने विचारले, “मिरवणुकीच्या वेळेला मी येऊन गोष्ट सांगू का?” बाई हो म्हणाल्या. ‘वेगळी सोय’ केलेल्या खोलीत तिच्या मुलासह तीन मुले होती. मिरवणूक आटोपून बाकीची मुलेही तिथेच येऊन बसली. म्हातारी भोपळ्यात बसली तोपर्यंत, ती सांगत होती, खोलीत जागा उरली नव्हती.