गव्हाचा घास आणि आईवरचा बोल



लेकराला सारखे जुलाब होतात, पोट फुगतं, अंग धरत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "आईच्या माहेरचं दुखणं आहे." यात खरं किती? त्यासाठी सीलिअ‍ॅक या आजाराचा इतिहास ऐकू या.

१८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांनी अशा मुलांचं वर्णन लिहिलं. बरं व्हायचं तर आहारातूनच, हे त्यांनी ओळखलं. पण नेमकं काय बाधतं, ते कळलं नव्हतं.

हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे मुलांचे डॉक्टर होते. पाव बंद केला की मूल सुधारतं, असं एका आईनं त्यांना सांगितलं, आणि तिथून त्यांचा शोध सुरू झाला, असं म्हणतात. पुढे महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे उपासमार झाली. लोकांनी ट्यूलिप फुलांचे कंदसुद्धा खाल्ले. पाव मिळेना, तेव्हा ही आजारी मुलं उलट सावरली. पाव परत आला आणि दुखणंही परतलं. १९५० साली डिके यांनी प्रबंध लिहून गव्हाचा दोष दाखवून दिला.

कणकेला चिकटपणा देणारं ग्लुटेन पोटात गेलं की या मुलांचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. मग सगळ्यांनाच असं का होत नाही? याचं उत्तर नंतर जनुकांत सापडलं. जवळजवळ सर्व रुग्णांत डीक्यू२ किंवा डीक्यू८ ही आनुवंशिक खूण असते. पण युरोपात शंभरातल्या तीस-चाळीस जणांत ती असते आणि आजार होतो साधारण एकाला. डीक्यू२ दोन्ही पालकांकडून आली तर धोका वाढतो. कधी तर तिचा अर्धा भाग आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो, आणि दोन्ही जुळले की खूण पुरी होते. मग एकट्या आईला बोल कसा लावायचा?

म्हणून दोष शोधण्यापेक्षा तपासणी करा. एका मुलाला हा आजार निघाला तर भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्ततपासणी करून घ्या. मात्र तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर आजार रक्तात दिसत नाही. निदान झाल्यावर चपाती, रवा, मैदा, शेवया कायमच्या बंद. आपली ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ चालतात. फक्त दळताना गव्हाचं पीठ मिसळू देऊ नका.