संत्र्याचा खुंट

नागपूरच्या संत्र्याचें श्रेय रघूजी भोसल्यांस देण्याचा प्रघात आहे. अठराव्या शतकांत त्यांनीं हें झाड औरंगाबादेकडून आणविलें, अशी परंपरा आहे. ती ग्राह्य मानिली तरी एक प्रश्न उरतो : हें झाड उभें कोणाच्या मुळांवर आहे? बागेंत जें एक झाड दिसतें, तीं वस्तुतः दोन असतात. वर संत्र्याचा डोळा, खालीं जंबेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट. वरच्याचें नांव झालें. खालचा मातींत राहिला.

कलमाची विद्या आपणांस नवी नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदाचा अध्याय लिहिला आहे. शेणानें लिंपून दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा खोडावर बसवावयाच्या वृक्षांत त्यानें बीजपूर, म्हणजे महाळुंग, गणिला आहे. परंतु कोणता खुंट कोणत्या रोगास टिकतो, हा विचार त्या स्थळीं नाहीं.

तो विचार नाशांतून जन्मला. १८४२ च्या सुमारास अझोर बेटांत मूळकुजीनें संत्र्यांच्या बागा बुडाल्या, आणि पुढें अनेक देशांत आंबट नारिंगाचा खुंट रूढ झाला. १९३० नंतर दक्षिण अमेरिकेंत त्याच खुंटावरील मोसंबीच्या बागा ट्रिस्टेझा रोगानें वाळल्या. तो विषाणूचा असून माव्यानें पसरतो, हें १९४६ सालीं उघड झालें. आंबट नारिंग एकटें जगे, मोसंबी स्वतःच्या मुळावर जगे. मरे ती त्यांची जोडी. एका रोगावरील उपाय दुसऱ्यास वाट करून देतो, तो असा.

विदर्भांतील जंबेरी जोमानें वाढते व ट्रिस्टेझा सोसते. परंतु पाणी धरणाऱ्या काळ्या जमिनींत फायटोप्थोरा बुरशीच्या डिंक्यास बळी पडते. रंगपूर लिंबू त्या मानानें अधिक तग धरतो. भोसल्यांच्याच राज्यांतील चांदा मुलखांत, म्हणजे आजच्या चंद्रपूर व १९८२ सालीं वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत, पाऊस नागपूरपेक्षां अधिक, आणि पुष्कळ जमीन भाताच्या बांध्यांची. तेथें बाग लावूं पाहणाऱ्यानें निचरा आधीं पाहावा, डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधलेलें रोप घ्यावें, व आळ्यांतील पाणी बुंध्यास लागूं देऊं नये.

रोप घेतांना लोक फळाची जात विचारितात, खुंट विचारीत नाहींत; बागेचें आयुष्य मात्र त्यावरच ठरतें. जुन्या बागाइतदारांच्या घरीं रोपखरेदीच्या वह्या असतील. त्यांत खुंटाचें नांव आढळल्यास, आणि ती बाग किती वर्षें जगली हें ठाऊक असल्यास, वाचकांनीं तें अवश्य कळवावें. आम्हांस राजांच्या सनदांइतकाच तो कागद मोलाचा वाटेल.