दोष मुलाचा की धड्याचा?

पालकहो, चाकाची खुर्ची वापरणारे अमेरिकन वास्तुशिल्पी रोनाल्ड मेस यांनी एक साधा विचार मांडला : इमारत मुळातच सर्वांना वापरता येईल अशी बांधावी. पायऱ्यांशेजारी उतार केला की वृद्धांचीही सोय होते.

१९८४ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थापन झालेल्या ‘कास्ट’ संस्थेतील अ‍ॅन मेयर व डेव्हिड रोझ यांनी हाच विचार पुढे शिक्षणात आणला. प्रारंभी ते अपंग मुलांना संगणकाच्या साहाय्याने शिकण्यास मदत करीत. नंतर त्यांना उमगले की, अडचण मुलात नसून एकाच साच्याच्या छापील धड्यात आहे. म्हणून धडा वाचावा, ऐकवावा, दाखवावा. उत्तर लेखी, तोंडी वा चित्रानेही घ्यावे.

‘मूल मठ्ठ आहे’ असे म्हणण्यापूर्वी, त्याला दुसऱ्या रीतीने शिकवून पाहिले काय, हे आपण शिक्षक-पालकांनी स्वतःस विचारावे.