मेंदूभोवतीचे कडे

मळ्याला एकाच पाटाने पाणी येत असेल आणि तो पाट बुजला, तर पीक वाळते. पण चार पाट एकमेकांना जोडलेले असले, तर एक बुजला तरी पाणी दुसऱ्या वाटेने पोचते. मेंदूची व्यवस्था अशीच आहे. मानेतून चार धमन्या वर जातात, दोन पुढून, दोन मागून. आणि मेंदूच्या तळाशी त्यांचे एक कडे बनते.

हे कडे इतरांनीही पूर्वी पाहिले होते. पण ते कशासाठी, हे नीट सांगितले ऑक्सफर्डच्या थॉमस विलिस या वैद्याने, १६६४ सालच्या आपल्या ग्रंथात. त्यातली चित्रे काढली ख्रिस्तोफर रेनने. पुढे लंडनचे सेंट पॉल चर्च बांधणारा तोच. विलिसने एक प्रेत तपासले. मानेतली उजवी धमनी दगडासारखी कठीण होऊन बुजलेली. पण माणूस गेला होता पोटातल्या गाठीने! त्याच बाजूची मागची धमनी तिपटीने रुंदावली होती.

मग अर्धांगवायू होतो कसा? वाट हळूहळू अरुंद झाली, तर आडवाटांना रुंदावायला सवड मिळते. एकाएकी गुठळी अडकली, तर ती मिळत नाही. शिवाय पुष्कळांचे कडे पुरते जुळलेलेच नसते.

म्हणून तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर अंगारे-मालीश करीत बसू नका. आडवाट फार वेळ तग धरीत नाही. तडक मोठे इस्पितळ गाठा.