शेवटचे पान आणि सातचा भोंगा

औंध संस्थानाच्या माळरानावर १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. नांगर बनविणाऱ्या कारखान्याचे ते पत्र. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली त्याचे लोकप्रिय मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्यास लाभली. औंध आज सातारा जिल्ह्यात मोडते, वाडी सांगलीत.

वाचकांचे लक्ष गोळा करून ते जाहिरातदारास विकावयाचे, हा व्यवहार त्याहूनही जुना होय. न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्राने १८३३ मध्ये एका सेंटास अंक देऊन तो रूढ केला. तेव्हा समाजमाध्यमांचे नावीन्य जाहिरातीत शोधणे व्यर्थ आहे. मासिकाला शेवटचे पान असे, आणि त्यानंतर महिनाभराची प्रतीक्षा. नवे काय, तर हे पान काढून टाकण्यात आले.

ही किमया योजनापूर्वक झाली. कितीही सरकविले तरी न संपणारा पडदा अझा रास्किन यांनी २००६ मध्ये रचला. २००९ मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चे बटण आले. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे कबुतर कळ टोचीतच राहते, हे फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ च्या ग्रंथात दाखविलेच होते. फेसबुक चालविणाऱ्या मेटा कंपनीचे २०२३ चे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यात जाहिरातींचा वाटा ९७ टक्क्यांहून अधिक.

शब्दही बोलके आहेत. मासिकाला ‘वर्गणीदार’ असत. त्या शब्दात देणे उघड आहे. ‘वापरकर्ता’ आपण काहीच देत नाही असे समजतो. वस्तुतः तो आपला वेळ आणि आवडीनिवडींची नोंद देत असतो. ‘फीड’ हा शब्द मराठीने जसाच्या तसा उचलला, त्यामुळे त्यातला गोठ्याचा वास मात्र लोपला.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने यावर बाहेरून उपाय केला. महासाथीच्या काळात शिक्षणासाठी हाती आलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना. मोठ्यांचीही स्थिती निराळी नव्हती. १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सातला मंदिरावरील भोंगा वाजू लागला, की साडेआठपर्यंत मोबाइल व दूरदर्शनसंच बंद. प्रारंभी पुरुषमंडळींनी या कल्पनेची थट्टाच केली. निर्णयामागे बळ उभे राहिले ते गावातील स्त्रियांचे. भोंगा वाजला तरी पडदा आपोआप विझत नाही. म्हणून आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांना दारोदार फिरावे लागले.