तुरुंग, कोर्ट आणि न बांधलेली केंद्रं

१९५५ साली अमेरिकेतल्या सरकारी मनोरुग्णालयांत साधारण साडेपाच लाख माणसं होती. तिथली अवस्था म्हणजे, न बोललेलंच बरं. मग नवी औषधं आली. १९६३ मध्ये केनेडींनी एका कायद्यावर सही केली: गावोगावी मानसिक आरोग्य केंद्रं काढायची, म्हणजे माणसं घराजवळ राहूनच उपचार घेतील. रुग्णालयं रिकामी होत गेली. केंद्रं मात्र ठरल्याच्या जेमतेम निम्मी उभी राहिली.

मग ही माणसं गेली कुठे? ज्यांना कुणी नव्हतं त्यातली बरीचशी रस्त्यावर. दुकानातून काही उचललं, पोलिसांशी हुज्जत घातली, की तुरुंग. सुटले की पुन्हा रस्ता, पुन्हा तुरुंग. आमच्या धंद्यात याला इन्फिनिट लूप म्हणतात!

१९९७ मध्ये फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत न्यायाधीश जिंजर लर्नर-रेन यांच्याकडे या आरोपींसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं. गुन्हा किरकोळ आणि आरोपी राजी असेल, तर त्याला तुरुंगाऐवजी उपचारांकडे पाठवायचं, आणि मधूनमधून बोलावून विचारपूस करायची. एवढंच.

शेजारच्या मायामीत न्यायाधीश स्टीव्हन लाइफमन यांच्यासमोर एक आरोपी आला. बोलता बोलता त्याचा तोल गेला. तो स्वतः हार्वर्डमध्ये शिकलेला मानसोपचारतज्ज्ञ निघाला! लाइफमन यांना त्याला उपचारांसाठी पाठवायचं होतं, पण गुन्हा किरकोळ, त्यामुळे कायद्यात तशी सोयच नव्हती. सोडून द्यावं लागलं. २००० मध्ये त्यांनी स्वतःचा प्रकल्प सुरू केला.

मला खटकतं ते वेगळंच. 'तुरुंग की उपचार?' असं विचारल्यावर दिलेल्या होकाराला राजीखुशी म्हणायचं का? आणि उपचार मिळवायला आधी अटक कशाला व्हावी लागावी? मायामीने यावर शोधलेला उपाय मला जास्त पटतो. मेम्फिसमध्ये १९८८ साली सुरू झालेलं ४० तासांचं प्रशिक्षण तिथल्या पोलिसांना दिलं गेलं, म्हणजे शक्यतो माणूस कोर्टापर्यंत पोचूच नये. अटका घटल्या, पुढे काउंटीने एक अख्खा तुरुंग बंद केला.

पण शहाण्या पोलिसालाही त्या माणसाला कुठेतरी न्यावं लागतंच ना? १९६३ साली ठरलेली केंद्रं नेमकी त्यासाठीच तर हवी होती.